हलकी अंगठी

थंडीने वस्तू आकसते, हे आजींनी शाळेत किती पोरांच्या डोक्यात घातलं असेल त्याला गणती नाही. त्या दिवशी पोहून बाहेर आल्यावर त्या टॉवेलने हात पुसू लागल्या, तेव्हा डाव्या हाताच्या बोटावर त्यांना नुसती एक पांढरी रेघ दिसली. गार पाण्यात बोट आकसलं होतं आणि अंगठी समुद्रात राहिली होती.

अंगठी अ‍ॅल्युमिनियमची होती. आजोबा कारखान्यात लेथवर काम करायचे. लग्न ठरलं तेव्हा दोघांच्याही खिशात वारा खेळत होता, म्हणून जेवणाच्या सुट्टीत त्यांनी एका उरलेल्या तुकड्यातून ती कातून काढली होती. "पुढच्या वर्षी सोन्याची करू," असं म्हणाले होते. पुढे सोन्याची ऐपत आली तेव्हा आजींनीच नको म्हटलं. ही हलकी आहे, खडू धरताना मध्ये येत नाही, असं कारण दिलं. खरं कारण दोघांनाही ठाऊक होतं, म्हणून कुणी ते बोलून दाखवलं नाही.

आता आजोबा नव्हते. घर तेच होतं, भांडी तीच होती, खुंटीवरचा त्यांचा टॉवेलसुद्धा आजींनी हलवला नव्हता. पण दिवसभर अंगावर बाळगता येईल असं त्यांच्या हातचं एवढं एकच होतं.

"आई, अगं एवढ्या मोठ्या समुद्रात?" मुलगा म्हणाला. "गवताच्या गंजीत सुई शोधण्यातला प्रकार आहे हा."

"सुई असती तर चुंबक घेऊन गेले असते," आजी म्हणाल्या. "हिला चुंबकही धरत नाही."

"मग मशीन आणू या की!" नात म्हणाली. ती चौथीत होती आणि तिच्याकडे प्रत्येक गोष्टीवर उपाय असायचा. "ते काका नाही का किनाऱ्यावर कानाला लावून फिरतात? तसलं."

मुलाने कपाळाला हात लावला. दुसऱ्या दिवशी आजी आणि नात दुकानात हजर.

दुकान मासेमारीच्या सामानाचं होतं. गळ, दोऱ्या, पाण्यात घालायचे चष्मे, आणि मागच्या भिंतीवर छत्र्यांसारखी ओळीने टांगलेली धातू शोधायची मशीनं. ती भाड्यानेही मिळत. दुकानदाराचा चष्मा कपाळावर होता आणि तो टेबलावर चष्मा शोधत होता. नातीने बोट दाखवल्यावर त्याने तो नाकावर आणला आणि विचारलं, "काय हरवलंय मावशी?"

"लग्नाची अंगठी."

"अरेरे. वाळूत की पाण्यात?"

"छातीएवढ्या पाण्यात."

"मग हे नको." त्याने काढायला घेतलेलं मशीन परत टांगलं. "याची खालची तबकडी तेवढी भिजलेली चालते. वरची डबी पाण्यात गेली की यानं राम म्हटलाच म्हणून समजा. आणि हे दुसरं कोरड्या वाळूवर गुणाचं आहे, पण खारं पाणी लागलं की बडबडायला लागतं. मिठाच्या पाण्यातून वीज जाते ना, त्यालाच ते धातू समजतं."

"म्हणजे त्याला सगळा समुद्रच धातू वाटतो?" नातीने विचारलं.

"वाटतो ना. म्हणून तर बिचारं गोंधळतं." त्याने तिसरं मशीन काढून काउंटरवर ठेवलं. "हे घ्या. हे एकाच वेळी अनेक सुरांत ऐकतं, म्हणून मिठाला फसत नाही. अख्खं पाण्यात बुडवलंत तरी चालेल. आणि मुख्य म्हणजे याला कचरा ओळखता येतो." त्याने दोन-तीन बटणं दाबली. "कचरा बंद करून देतो. चंदेरी कागद, डब्यांची झाकणं, पत्र्याचे तुकडे, कशावर म्हणजे कशावर तोंड उघडणार नाही. नाहीतर दिवसभर झाकणंच उपसत बसाल."

"छान," आजी म्हणाल्या. "शिस्तीचं दिसतंय."

अंगठी कशाची आहे, हे त्याने विचारलं नाही आणि आजींनीही सांगितलं नाही. लपवायचं होतं म्हणून नव्हे. ती अंगठी आणि कचरा एकाच बाकावर बसू शकतील, हे त्यांच्या मनातच आलं नाही.

ओहोटीच्या वेळी दोघी किनाऱ्यावर गेल्या. मशीन चालवणं पाहताना सोपं वाटतं, पण आजींचा हात टोकाला गेला की वर उचलला जायचा, झोका दिल्यासारखा.

"झोपाळा नाही तो बाई, केरसुणी आहे." पाण्यातून आवाज आला. गुडघाभर पाण्यात एक उंच, काटकुळा माणूस मान वाकवून उभा होता. तो पूर्वी बस चालवायचा आणि आता रोज सकाळी इथे मशीन घेऊन फिरायचा. नातीने त्याचं नाव कधीच बगळा ठेवून टाकलं होतं. "तबकडी जमिनीला समांतर ठेवा. सावकाश. आधी झाडलेल्या पट्ट्यावर थोडी चढू द्या, म्हणजे मध्ये जागा सुटणार नाही."

"आजी, बगळा बरोबर सांगतोय," नात म्हणाली आणि तिने जीभ चावली.

"बगळा?" तो माणूस स्वतःच्या पायांकडे बघून हसायला लागला. "घरचे याहून वाईट म्हणतात. चालेल."

अंगठी कुठे पडली ते आजींनी त्याला दाखवलं. त्याने मान डोलावली. "मग तिथेच शोधायची. सोनं जड असतं, जागा सोडत नाही. लाटा वरची वाळू हलवतात आणि ते तिथल्या तिथे खाली खाली जातं. धीर धरा. आणि खड्डा केलात की बुजवा, पोरं पडतात. काढलेला कचरा परत टाकू नका. आमच्यात एवढे दोनच नियम."

आजी रोज येऊ लागल्या. नातीला शाळेची सुट्टी होती, ती लांब दांड्याची जाळीदार फावडी घेऊन मागे असायची. ओहोटीने कमरेएवढ्या उरलेल्या पाण्यात आजी रेघांमागून रेघा झाडत पुढे जायच्या. हेडफोन घातले की लाटांचा आवाजही बंद व्हायचा. बंद दाराला कान लावून आत कुणी आहे का ते ऐकावं, तशा त्या ऐकत राहायच्या. एकदा पितळी किल्ली सापडली, एकदा शिशाचं वजन, मधूनमधून नाणी. एरवी मशीन इतकं गप्प असायचं की बाहेर आल्यावर माणसांचा आवाज कानाला लागायचा.

एका दुपारी दोघी वाळूत बसून बिस्किटं खात होत्या. नातीने रिकामी डबी वाळूवर ठेवली आणि गंमत म्हणून मशीन तिच्यावरून फिरवलं. मशीन गप्प. तिने पुन्हा फिरवलं, अगदी जवळून.

"आजी, हे बहिरं झालं."

"बॅटरी गेली असेल." आजींनी खिशातली पितळी किल्ली टाकली. मशीन खणखणीत ओरडलं. डबी ठेवली, गप्प. किल्ली ठेवली, ओरडलं. आजींनी डबी उचलून हातात फिरवली. हलकी, पांढुरकी, अ‍ॅल्युमिनियमची डबी.

"अगं बाई," त्या म्हणाल्या आणि ओल्या वाळूत तशाच बसून राहिल्या.

बगळा लगबगीने पाण्यातून आला. "काय झालं? चक्कर आली का?"

"माझी अंगठी अ‍ॅल्युमिनियमची आहे."

त्याने कानावरचे हेडफोन काढले. "कशाची?"

"अ‍ॅल्युमिनियमची. आणि हे मशीन अ‍ॅल्युमिनियमवर बोलतच नाही. मी ते तसंच करून आणलंय."

बगळ्याने हसू आवरलं, पण ते मिशीत अडकून राहिलं. "बाई, वर्गातल्या एखाद्या पोरानं असं केलं असतं तर तुम्ही काय केलं असतं?"

"बाकावर उभं केलं असतं."

"मग?"

"गुडघे दुखतात. बसूनच भोगते शिक्षा."

नात हसता हसता वाळूत आडवी झाली. बगळा मात्र एकाएकी गंभीर झाला. "थांबा. चूक तुमची एकटीची नाही. मीही तुम्हाला सोन्याचाच हिशेब सांगत बसलो." त्याने पिशवीतून शिशाचं एक वजन आणि शीतपेयाच्या डब्याची एक कडी काढली, आणि जिथे लाट येऊन विरते तिथे दोन्ही शेजारी ठेवली. लाट आली, गेली. शिसं तिथेच अर्धं रुतलं. कडी दिसेना. नातीने शोधली तर ती चांगली दोन हात बाजूला वाळूत निजली होती.

"ही वाळूच्याच वजनाची," बगळा म्हणाला. "वाळू नेईल तिकडे जाणार."

"आणि इथली वाळू कुठे जाते?" आजींनी विचारलं. आवाजात शिक्षा संपल्याची खूण होती.

त्याने किनाऱ्याच्या टोकाकडे बोट केलं. तिथे काळे खडक समुद्रात शिरले होते. "त्यांच्या पोटात. पण आमच्यातलं कुणी तिकडे फिरकत नाही. अख्ख्या किनाऱ्याचा कचरा तिथे साठतो. मशीन चालू केलं की नुसतं केकाटतं."

"केकाटू दे," आजी म्हणाल्या. "बंद केलेला कचरा चालू कसा करायचा, तेवढं दाखवा."

खडकांपाशी मशीनला खरोखर क्षणाची उसंत नव्हती. झाकणं, कड्या, चेपलेले डबे, चॉकलेटचे कागद, तंबूचा खुंटा. फावडी वाळूत घालायची, पाण्यात हलवायची, वाळू गळून जाईपर्यंत थांबायचं आणि मग बघायचं. बघेपर्यंतच्या त्या एवढ्याशा वेळात प्रत्येक झाकण आजींची अंगठी असायचं. प्रत्येक वेळी अंधारात जिन्याची एक पायरी चुकावी तसं छातीत व्हायचं. नात चुकलेली कडी पोत्यात टाकायची आणि म्हणायची, "पुढची." आजी मानेने हो म्हणायच्या. त्यांना दमायला होत होतं, पण घरी बसण्यापेक्षा हे बरं वाटायचं. घरी काहीच ओरडत नसे.

सुट्टीच्या दिवशी मुलगा बघायला आला. भरलेली पोती पाहून म्हणाला, "आई, नगरपालिकेनं तुला पगार सुरू करायला हवा." मग बूट काढून, पँट वर दुमडून तोही पाण्यात उतरला. बराच वेळ वाळू उपसून त्याने एक गोल कडी आणून दिली. "ही बघ. हीच आहे."

आजींनी ती बोटात घातली. घातली तशी काढली. "पडद्याची आहे."

"तशीच तर दिसते."

"दिसते," आजी म्हणाल्या आणि ती पोत्यात टाकली. घरी जाताना मुलाने आईच्या हातातलं मशीन आपल्या खांद्यावर घेतलं.

त्यानंतर एका सकाळी, मोठ्या ओहोटीला, दोन खडकांच्या मधली एक घळ उघडी पडली. तबकडी आत नेली तर मशीनने आठ-दहा तऱ्हेचे आवाज एकदम काढले. नातीने फावडी भरली. शिंपले, दोन झाकणं, आणि मध्ये काहीतरी राखाडी, खरबरीत, गोल. आजींनी ते दोन बोटांत धरून अंगठ्याने घासलं. मग बोटात घातलं. पेरापाशी ते अडलं, थोडं वळवल्यावर आत गेलं. आजींनी मूठ आवळली. आतली एक कड, जी आजोबांनी घाईत नीट गोल केली नव्हती, शेजारच्या बोटाला रुतली. नेहमी रुतायची तिथेच.

"आजी? आहे का? आजी, सांग ना!"

आजींनी नुसता हात पुढे केला. नातीने एवढी किंकाळी फोडली की लांबवर बगळ्याने मान वर केली आणि मग फावडी डोक्याच्या वर धरून हलवली.

"खड्डा बुजव," आजी म्हणाल्या.

"आत्ता?"

"आत्ताच."

खड्डा बुजवून झाल्यावर मात्र आजींना धीर धरवेना. त्या भराभर चालू लागल्या, वाळूतून, रस्त्यावरून, जिन्यावरून, कठड्याला हात न लावता. नात मशीन आणि फावडी सांभाळत मागून ओरडत होती, "आजी, हळू! अगं कुणाची गाडी चुकतेय?" आजींनी कुलूप काढलं, दार ढकललं आणि उंबऱ्यातूनच म्हणाल्या, "अहो, ऐकलंत का..."

खोलीत उन्हाचा एक पट्टा पडला होता. खुर्ची रिकामी होती.

दुकानदाराचा कपाळावरचा चष्मा, बहिरं मशीन, बगळ्याच्या मिशीतलं हसू, पडद्याची कडी, सगळं सगळं त्यांनी जपून ठेवलं होतं. पाण्यात उभ्या असताना, कान बंद करून, एकेक गोष्ट त्या मनात नीट लावून ठेवत होत्या. कुणाला सांगायला, हे त्यांना आत्ता कळलं.

नात धापा टाकत आत आली. आजी ओल्या चपलांसह खोलीच्या मध्ये उभ्या होत्या आणि फरशीभर वाळू झाली होती. एरवी एवढ्या वाळूवर केवढं रामायण झालं असतं. नातीने मशीन आवाज न करता भिंतीला टेकवलं.

"बस इथे," थोड्या वेळाने आजी म्हणाल्या. "तुला सांगते."

"काय?"

"अंगठी कशी सापडली ते."

"आजी, मी तिथेच होते!"

"तरी ऐक."

नात बसली. आजी खुर्चीच्या कडेला टेकल्या आणि दुकानापासून सांगू लागल्या. भिंतीवरची मशीनं, समुद्राला धातू समजणारं मशीन, मग तो दुकानदार बटणं दाबून म्हणतो कसा, कचरा बंद करून देतो! इथे आजी थांबल्या. या जागी आजोबा मोठ्याने हसले असते, मांडीवर थाप मारून. आजींनी ते हसू संपायला लागेल तेवढा वेळ थांबून घेतलं, आणि मग पुढचं सांगायला लागल्या.