लेलंडने पुसून घेतलेला फोल्डर

थंडर बे शहरात लेलंड कॅन्सरने अंथरुणाला खिळला, तेव्हा त्याने बहिणीला, व्हर्नाला, जवळ बोलावलं.

"लॅपटॉपवर 'जुनं' नावाचा फोल्डर आहे. न उघडता उडव. नुसतं डिलीट नको, डिस्कवरची रिकामी जागाही पुसून काढ, म्हणजे कुणाला परत मिळवता येणार नाही. ग्वेनला सांगू नकोस."

ग्वेन, त्याची बायको, बाहेर दारातला बर्फ उपसत होती. व्हर्नाने फोल्डर उडवला, पुसायचा प्रोग्रॅम लावला आणि तो संपेपर्यंत भावाचा हात धरून बसली.

लेलंड गेला. चुकून उडालेले फोटो परत मिळतात का, हे पाहायला ग्वेनने लॅपटॉप दुकानात नेला. मोकळी जागा मुद्दाम पुसलीय, असं दुकानदार म्हणाला. तारीखही त्याने सांगितली. त्या दिवशी लेलंडजवळ व्हर्नाच होती.

"काय होतं त्यात?" ग्वेनने तिला विचारलं.

"शपथेवर सांगते, मी पाहिलंच नाही."

"कोण होती ती?"

"बाईच असेल कशावरून? कविता असतील."

"बायकोपासून कविता लपवतात होय गं?"

त्यानंतर ग्वेनने व्हर्नाचा फोन कधीच उचलला नाही. व्हर्नाला राहून राहून वाटतं, उघडून पाहिलं असतं, तर निदान खोटं तरी नीट बोलता आलं असतं.