कृष्णेच्या बेटावरचा लाकडी सुरय

मी एक जुना लाकडी पक्षी आहे. मित्रांनो, मी खेळणं नाही आणि दिवाणखान्यातली शोभेची वस्तूही नाही. उंब्रजच्या खाली, कृष्णेच्या पात्रात एक वाळूचं बेट आहे. तिथे बसून राहण्यासाठी मला घडवलं होतं.

त्या बेटावर पूर्वी नदी सुरय नावाचे पक्षी उन्हाळ्यात अंडी घालत. समुद्रपक्ष्यांच्याच कुळातले, पण गोड्या पाण्यावर राहणारे. डोक्यावर काळी टोपी, पिवळी चोच आणि लांब दुभंगलेली शेपटी. सांगलीच्या चारुलताताई त्यांचा अभ्यास करत. दर उन्हाळ्यात त्या नदीकाठाने फिरून पक्षी मोजत आणि दर उन्हाळ्यात ते कमीच भरत. वाळू उपसून नेल्यावर पक्ष्यांनी घरटी करायची तरी कुठे? एवढं एक बेट धड उरलं होतं, पण तिथेही कुणी उतरेना. सुरय घोळक्याने घरटी करतात. रिकाम्या जागेचा त्यांना भरवसा वाटत नाही. म्हणून ताईंनी आम्हा लाकडी सुरयांना करून घेतलं. वरून जाणाऱ्या पक्ष्यांना वाटावं, इथे आपली माणसं आहेत.

फौजेतून निवृत्त झालेल्या हंबीररावांनी आम्हाला पांगाऱ्याच्या लाकडातून कोरलं. माझा डोळा रंगवताना त्यांनी श्वास रोखून धरला होता, ते मला अजून आठवतं. तिथे मासे धरणाऱ्या केरबामामांच्या होडीतून आम्ही बेटावर गेलो. आम्हाला वाळूत रोवताना मामा हसत म्हणाले, "आवं ताई, ह्या लाकडांकडं कोण येनार हाय?"

पहिला उन्हाळा कोरडा गेला. दुसऱ्या उन्हाळ्यात मात्र एक जोडी उतरली, अगदी माझ्या शेजारी! नराने मासा आणून मादीला भरवला. तिने पोटाने वाळू दाबून खळगा केला आणि त्यात अंडी घातली. भर उन्हात ती पंख पसरून अंड्यांवर उभी राही. काठावरच्या गोणपाटाच्या आडोशामागून ताई दुर्बिणीने बघत. मामांनी तर त्या बाजूला जाळं टाकणंच सोडलं. त्या दिवसांत मला फार धन्य वाटे.

मग धरणातून पाणी सोडणार असल्याची खबर आली. ताई घाईघाईने मामांच्या होडीतून आल्या. दोघांनी ओंजळींनी वाळू ओढून खळग्याभोवती बांध घातला.

"मामा, धरणवाले चार दिवस थांबले असते तर पिल्लं बाहेर आली असती हो," ताई म्हणाल्या.

मामा खाली बघत म्हणाले, "खालची गावं तान्हेली हाईत, ताई. माझाबी ऊस वाळतोय. कुनाला न्हाई म्हनायचं?"

पाणी चढलं, तसा बांध विरघळला. अंडी तरंगली आणि प्रवाहाबरोबर निघून गेली. मी वाळूत घट्ट रोवलेला होतो, म्हणून वाचलो. पाणी ओसरल्यावरही ती जोडी त्याच जागेवर ओरडत घिरट्या घालत राहिली. मग तीही गेली.

यंदा एकच सुरय आला. माझ्याजवळ बसून त्याने पुन्हा पुन्हा साद घातली. मला चोच आहे, पण आवाज नाही. ऊन कललं तसा तो उडाला. त्यानंतर ताईंना नदीवर एकही सुरय दिसलेला नाही.

मामांनी विचारलं, "आता ही लाकडं काढून न्यायची न्हवं?"

"राहू देत, मामा," ताई म्हणाल्या. "चुकून एखादा आलाच, तर त्याला अगदीच एकटं वाटायला नको."

मित्रांनो, तुमच्या गावाला नदी असेल, तर उन्हाळ्यात तिच्या वाळूत पाय टाकण्याआधी खाली बघा. सुरयाची अंडी वाळूसारखीच ठिपकेदार असतात, पटकन दिसत नाहीत. आमच्या बेटावर आता कुणी कसंही चाललं तरी चालतं. तुमच्याकडे अजून तसं झालं नसेल, तर जपून चाला.