राहीबाईच्या टाचेमागचं लोखंड

गहिनीनाथांचं पत्र येऊन अकरा वर्षं झाली होती आणि नोहा सरांनी त्याला उत्तर दिलं नव्हतं. पत्र जाड शब्दकोशात ठेवलेलं होतं. एखादा शब्द पाहायला कोश उघडला, की सर तेवढी पानं बोटांनीच टाळत. निळं अंतर्देशीय, जपून काढलेलं अक्षर.

'सरांना नमस्कार. आमच्या वाडवडिलांनी राहीबाईला बेडी घातली, असे तुमच्या पुस्तकात छापले आहे. आमच्या घरात वेगळेच सांगतात. ती ख्रिस्ती होऊन मिशनच्या शाळेत शिकवायला गेली, तेव्हा सासूने सहा महिने तिच्या वाटणीची भाकरी रोज काढून ठेवली. तुमच्याकडे पुरावा असेल तर दाखवा. आम्ही मान्य करू.'

पुरावा होता. निदान तेव्हा सरांना तसं वाटत होतं. नगरच्या कॉलेजातून ग्रंथपाल म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी एकुलतं एक पुस्तक लिहिलं, खर्ड्याकडच्या एका गावातल्या पहिल्या ख्रिस्ती कुटुंबांविषयी. त्यात मिशनच्या दीडशे वर्षांपूर्वीच्या मासिकातलं एक चित्र घेतलं होतं. इथे काढलेला फोटो पुढ्यात ठेवून परदेशातल्या कुणा कारागिराने लाकडावर कोरलेलं. राहीबाई ताठ उभी, हातात पुस्तक, नजर थिजलेली. आणि लुगड्याच्या काठाखाली, टाचेमागे, लोखंडाचा एक वाकडा तुकडा. सरांनी तो आठवडाभर भिंगातून पाहिला आणि लिहिलं, 'सासरच्यांनी घातलेल्या बेडीचा तुकडा तिने साक्ष म्हणून पायाशी ठेवला आहे.' जन्मभर प्रत्येक वाक्यात 'कदाचित' घालणाऱ्या माणसाने नेमका इथला 'कदाचित' खोडला. वाक्य लुळं वाटत होतं.

पत्र आलं तेव्हा त्यांनी उत्तराचे चार मसुदे लिहिले आणि चारही फाडले. दोन वर्षांत गावातल्या चर्चच्या तरुण मंडळाने त्या एका वाक्यावर नाटक बसवलं. आता दर डिसेंबरात राहीबाईच्या पायात गोठ्यातली साखळी अडकवतात, ती तोडते, टाळ्या पडतात आणि पहिल्या रांगेतल्या नोहा सरांना उभं करून शाल देतात. सर शाल घेतात आणि कुणाकडेच बघत नाहीत.

नाटक बसवणारी क्रिस्टीना, त्याच गावातली शिक्षिका, मागच्या रविवारी घरी आली होती.

"काका, यंदा दहावा प्रयोग. सुरुवातीला तुम्ही दोन मिनिटं बोलायचं."

"मी नको, बाई. मला सुचत नाही."

"मग एक मिनिट बोला आणि एक मिनिट खोका."

सर हसले नाहीत. चहाच्या कपाकडे बघत त्यांनी विचारलं, "गहिनीनाथ येतात का गं नाटकाला?"

"ते कशाला येतील? त्यांच्या नातीला, पूजाला, शाळेत बेडीवाली म्हणतात. परवा रडली वर्गात. मी रागावले सगळ्यांना." क्रिस्टीनाने बिस्कीट चहात बुडवलं. "पण खरं ते खरं, काका. पुस्तकात आहे ना."

आतून सरांची बायको फिलोमिना म्हणाली, "ह्यांनी लिहिलंय म्हणजे असणारच. ह्यांना वाण्याची यादी लिहायला अर्धा तास लागतो."



दोन दिवसांनी पेन्शनच्या कागदांसाठी फोटो हवा म्हणून ते अजिनाथच्या स्टुडिओत गेले. स्टुडिओ अजिनाथच्या आजोबांपासूनचा, आता आवराआवर चालली होती. त्या जागी मोबाईलचं दुकान येणार होतं. कोपऱ्यात एका लोखंडी दांडीला छत्री लटकत होती.

"हे काय आहे रे?"

"हे व्हय? आज्याच्या वेळचं. मानेचा चिमटा." अजिनाथने छत्री काढली. पुरुषभर उंच दांडी, वर दोन बोटांसारखा चिमटा, खाली तीन वाकडे पाय. "आज्यानं बी कुनाचं तरी जुनंच आनलं हुतं. पूर्वी फोटो निघायला लई वेळ लागायचा, सर. मान हलली की फोटोत भूत. म्हनून मागनं हे लावायचं. उभं ऱ्हावा, दावतो."

सर नको नको म्हणेपर्यंत थंडगार चिमटा मानेला लागला. मान डावीकडे जाईना, उजवीकडे जाईना. समोरच्या आरशात ताठ, भेदरलेला एक म्हातारा उभा होता. सरांनी आरशातच नुसती नजर खाली नेली. पँटच्या काठाखाली, टाचेमागे, लोखंडाचा एक वाकडा तुकडा.

ओळखीचा होता. पाठच होता.

"सर, श्वास तरी घ्या. सोडू का?"

"थांब. बाईमाणसालाही लावायचे हे?"

"सगळ्यांना. कलेक्टरला बी."

म्हणजे फोटोवाल्याने दांडी राहीबाईच्या मागे लपवली होती, दांडीचा एक पाय तेवढा बाहेर राहिला होता. लांबच्या कारागिराला लुगड्याच्या निऱ्या जमल्या नव्हत्या, पण लोखंड दिसलं तसं त्याने कोरलं. राहीबाईला कुणी जखडलं असेल, तर त्या फोटोवाल्याने, थोडा वेळ. आणि नंतर सरांनी.

"असाच फोटो काढ," सर म्हणाले. "पायांपर्यंत."

"चिमट्यासकट? पेन्शन अडकंल, सर."

"पेन्शनचा वेगळा काढ."

घरी येऊन ते जेवणाच्या टेबलाशी बसले. नाटक होऊन जाऊ दे, जानेवारीत लिहू, असं एकदा मनात आलं. मग त्यांनी कोश उघडला, पत्र बाहेर काढलं आणि लिहायला घेतलं.

'प्रिय गहिनीनाथ, तुम्ही पुरावा मागितला होता. तो माझ्याकडे नव्हता. सोबतच्या फोटोत मी आहे आणि माझ्या टाचेमागे तेच लोखंड आहे. फोटो काढताना मान धरायचं ते साधन. तुमच्या घराण्याविषयी मी लिहिलं ते चूक होतं. हे पत्र शाळेत, चर्चमध्ये, कुठेही वाचून दाखवा. पूजाला माझ्याकडून माफी सांगा. उत्तराला फार उशीर झाला, याचं कारण भित्रेपणा. भाकरीची गोष्ट मला सविस्तर कळवाल का?'

'चूक'च्या आधी पेन 'कदाचित'पाशी अडखळलं होतं. पण तो शब्द लिहिला गेला नाही.

क्रिस्टीनासाठी त्यांनी दुसरी प्रत केली. फिलोमिनाने ती उभ्याउभ्या वाचली, मग खुर्ची ओढून पुन्हा वाचली.

"लोक हसतील तुम्हाला."

"हसतील."

"शाली परत मागतील?"

"मागितल्या तर देऊ."

"ती तपकिरी सोडून. ती मी वापरते."

पोस्टाच्या पेटीचं तोंड अरुंद होतं आणि फोटोमुळे एक लिफाफा ताठ झाला होता. क्रिस्टीनाचा सहज आत गेला. गहिनीनाथांचा अर्धा गेला आणि अडकला. अजून बाहेर ओढता आला असता. सर तसेच उभे राहिले.

"ढकला की, बाबा," मागची बाई म्हणाली. "मला बी टाकायचंय."

सरांनी तळहाताने ढकलला. आत पडल्याचा आवाज आला.