अकरा वेळा टेबलावरून

मिस्त्रींच्या दुकानातल्या पावतीपुस्तकात 'बिघाडाचं कारण' असा एक रकाना होता. त्यांच्या लेकीच्या कॅमेऱ्यापुढे त्या रकान्यात अकरा वेळा एकच मजकूर होता: टेबलावरून पडला.

आता टेबल म्हटलं की काय, चार पाय आणि एक फळी. पण लेकीच्या कचेरीतलं टेबल असलं साधंसुधं नव्हतं. पहिल्यांदा कॅमेरा त्यावरून पडला तेव्हा त्याला जो पोचा आला, तो चार मजल्यांवरून पडल्याशिवाय यायचा नाही. दुसऱ्यांदा बटणांखालून वाटीभर गाळ निघाला आणि गाळात नखाएवढा खेकडा. तोही जिवंत, मिस्त्रींच्या अंगठ्याला चावून मग खाली उतरला. तिसऱ्यांदा आत इतकी काजळी होती की तेवढ्यात शेजारणीच्या बाळाचं वर्षभराचं काजळ भागलं असतं. म्हणजे त्या टेबलाच्या खणातून नदी वाहत होती आणि फळीला अधूनमधून आग लागत होती.

लेक अग्निशमन दलात छायाचित्रकार होती. आग विझली, पूर ओसरला की जागेभोवती बांधलेल्या दोरीच्या अलीकडे उभं राहून फोटो काढायचे, आग कुठून लागली, पाणी कुठवर चढलं त्याचा पुरावा राहावा म्हणून, एवढंच तिचं काम. दोरी ओलांडायला सक्त मनाई. घरी ती आईला सांगायची, आम्ही काय, मागे उभे राहून चहा पितो. आईनं त्यावर विश्वास ठेवला आणि टेबलाच्या कडेला ठोकायला रबराची पट्टी आणून दिली, खिळ्यांसकट.

मिस्त्रींनी मात्र कधी काही विचारलं नाही. विचारलं की खरं ऐकावं लागतं, आणि खरं ऐकलं की बापाला 'जाऊ नकोस' म्हणावं लागतं. त्यापेक्षा मुकाट्यानं कॅमेरा उघडलेला बरा. रिळाचे कॅमेरे गेले तेव्हा मिस्त्रींचं दुकान आता बसलंच, असं सगळ्या गल्लीनं परस्पर ठरवून टाकलं होतं. डिजिटल म्हणजे नुसती डबी, पडली की फेकायची. मिस्त्रींनी पहिली डबी उघडायला तीन दिवस घेतले, दुसरी तीन तासांत उघडली, आणि लेकीची तर ते डोळे मिटून उघडत. आत काय सापडेल त्याचा चिमटीत चोळून वास घेत. राख कापसाची की लाकडाची, गाळ नदीचा की गटाराचा, सगळं त्यांना कळे. मग तो ऐवज काडेपेटीत भरायचा, वर तारीख टाकायची आणि पेटी खणात. कुणी विचारलं, लेक काय करते हल्ली, तर म्हणायचे, टेबलं मोडते. आणि मिशीत हसायचे.

बाराव्या वेळी लेक आली ती एकटी आली नाही. मागोमाग दलाचे प्रमुख, बगलेत फाइल, दारातून वाकून आत शिरले. दुकान एवढंसं, साहेब एवढे थोरले. आत आले तसा उजेड निम्मा झाला. लेकीनं कॅमेरा काउंटरवर ठेवला. भिंगाची पुढची काच तडकलेली, आणि कडेवर डांबराचा एक थेंब मोत्यासारखा गोठलेला. ठेवता ठेवता तिनं बापाकडे असं पाहिलं की त्याचा अर्थ आंधळ्यालाही कळावा: तोंड उघडू नका.

साहेब सरळ मुद्द्यावर आले. दलाला आणखी चार कॅमेरे घ्यायचे होते. याच बनावटीचे घ्यावेत का, ते ठरवायला त्यांनी जुन्या पावत्या मागवून वाचल्या होत्या.

"अकरा वेळा टेबलावरून," ते म्हणाले. "मला दोनच अर्थ लागतात, मिस्त्री. एक तर हा कॅमेरा खडूचा आहे. नाहीतर तुमची मुलगी वेंधळी आहे."

दोन्हींपैकी काहीही असलं तरी तिला आगीवर पाठवण्यात अर्थ नव्हता. पुढच्या आठवड्यापासून तिनं नोंदणी विभागात बसून शिक्के मारावेत, असा कागद फाइलीत तयार होता. फक्त सही राहिली होती.

मिस्त्रींच्या हातातला पेचकस थांबला. आडात आणि विहिरीत, दोहोंत सारखंच पाणी. खरं सांगावं तर लेकीनं दोरी ओलांडली, हा गुन्हा. न सांगावं तर लेक वेंधळी. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. ती मान हलवून नको नको म्हणत होती. पण मिस्त्रींच्या घराण्यात कुणाच्या हातून चमचा पडला नव्हता. लेक गुन्हेगार ठरली तर एक वेळ चाललं असतं. वेंधळी चालणार नव्हतं.

त्यांनी खण ओढला आणि काडेपेट्या काउंटरवर ओळीनं मांडल्या.

ही कापसाची राख, गोदामाला आग लागली त्या आठवड्यातली. हा गाळ, पूर ओसरल्यावरचा नव्हे, पुराच्याच दिवसाचा. हे कबुतराचं पीस. कचेरीतल्या टेबलाशी कबुतरं येत असतील तर साहेबांनीच सांगावं. ही पेटी उघडली तशी तेलाचा वास दुकानभर झाला. ती तेलगिरणीची होती.

साहेबांनी ती पेटी उचलली आणि बराच वेळ खाली ठेवली नाही. तेलगिरणीतल्या आगीचं खापर पहारेकऱ्याच्या विडीवर फुटलं होतं. मग एका फोटोत घाण्याची जळालेली मोटार दिसली, छप्पर कोसळायच्या आधीची, आणि तो माणूस सुटला.

"तो फोटो लांबच्या भिंगानं काढला म्हणाली होतीस," साहेब वळून म्हणाले.

 लेकीच्या वतीनं बापच बोलला.

"साहेब, टिकाऊपणाचं विचारायला आलात ना? मग ऐका. हा कॅमेरा काही टिकाऊ नाही. याचं शटर दोनदा बदललंय, पडदा तीनदा. मूळचं म्हणाल तर याच्यात आता नाव तेवढं उरलंय. अकरा वेळा मोडला हा. घेऊन आली ती मात्र दर वेळी अख्खी आली. तुम्ही चुकीच्या वस्तूची चौकशी करताय."

साहेबांनी फाइल उघडली. शिक्क्यांचा कागद काढला, त्याची चार वेळा घडी घातली आणि खिशात टाकला. मग जे सुनावलं ते कडक होतं. दोरी ओलांडली ती ओलांडली. यापुढे एकटीनं नाही. कमरेला दोर आणि दोराच्या दुसऱ्या टोकाला माणूस. नवीन चार कॅमेरे याच बनावटीचे येतील आणि ते धरणाऱ्या चौघांना ती शिकवेल. पहिला धडा दोराचा. आणि पावतीवर कारण लिहायचं ते खरं. दारातून वाकून बाहेर पडता पडता ते थांबले, म्हणाले, पहारेकऱ्याला सांगतो कुणाचे आभार मानायचे ते, आणि गेले. दुकानात पुन्हा उजेड आला.

मिस्त्रींची छाती अशी फुगली होती की सदऱ्याचं वरचं बटण आता जातंय की मग, अशी गत. त्यांनी काडेपेट्या मोजत मोजत खणात ठेवल्या. आईला काय सांगायचं ते तुझं तू बघ, म्हणाले.

"बाबा," लेक म्हणाली, "अकरा नाही. तेरा."

"काय तेरा?"

"दोनदा दुसरीकडे दुरुस्त करून घेतला. नाक्यावरच्याकडे."

मिस्त्री मटकन स्टुलावर बसले. पूर, आग, डांबर, सगळं त्यांनी पचवलं होतं, हे पचेना. नाक्यावरचा तो माणूस स्क्रू हातोडीनं बसवतो, हे त्यांचं जुनं मत होतं. तरीच, म्हणाले, मागे दोन स्क्रू आडवे लागले होते. त्याच्याकडे कशाला गेलीस?

लेकीनं डाव्या हाताची बाही वर सरकवली. मनगटापासून कोपरापर्यंत एक गुलाबी रेघ वळत गेली होती. त्या महिन्यात ती प्रशिक्षणाला बाहेरगावी गेली होती, असं घरी सगळे समजत होते.

"दोन्ही वेळा हात गळ्यात बांधलेला होता," ती म्हणाली. "तुम्ही पाहिलं असतंत, तर जाऊ नकोस म्हणाला असतात."

मिस्त्रींनी दिवा ओढून जवळ घेतला. भिंग डोळ्याला लावलं, तिचा हात काउंटरवर पालथा धरला आणि टाक्यांच्या खुणा एकेक करून पाहिल्या. एकोणीस होत्या. सगळ्या सारख्या अंतरावर. त्यांनी बोटानं ती रेघ शेवटापर्यंत चाचपली, कुठे उंचवटा लागतो का पाहिलं. लागला नाही.

"टाके कुणी घातले?"

"दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी."

"हात चांगला आहे बाईंचा," मिस्त्री म्हणाले.  त्यांनी तिची बाही खाली ओढली, बटण लावलं. "पुढच्या वेळी दोन्ही इथे आणायचं. आधी हात, मग कॅमेरा."

आणि पेचकस उचलला.