लालासाहेबांची मान

लालासाहेबांच्या मानेत काहीही नव्हतं. एक्स-रेत नव्हतं, एमआरआयमध्येही नव्हतं. सांगलीच्या हाडांच्या डॉक्टरांनी फिल्म उजेडाला धरून पुन्हा पाहिली, मानेला पट्टा बांधला आणि पुढच्या गल्लीतल्या दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांच्या पाटीवर 'मनोविकारतज्ज्ञ' असं लिहिलेलं वाचून लालासाहेबांच्या पत्नी क्रांतीबाईंनी पदर कपाळावर ओढला आणि मगच पायरी चढल्या.

दुसऱ्या डॉक्टरांनी झोपेचं विचारलं, भुकेचं विचारलं. फौजेतून घरी आल्यापासून काय करावंसं वाटतं, हेही विचारलं. 'काहीच नाही' एवढं उत्तर शोधायला लालासाहेबांना बराच वेळ लागला. डॉक्टर म्हणाले, डिप्रेशन आहे. मान-खांदे दुखतात तेही कधीकधी त्यातूनच येतं. गोळ्या घ्या, बरं वाटेल.

परतीची एसटी कवठे महांकाळला थांबली. उतरताना क्रांतीबाई म्हणाल्या, "कुनी इचारलं तर मानंचं सांगायचं. पट्टा काढायचा न्हाई."

"आगं, पन..."

"येडा म्हनतील. आन एकदा म्हनले की मरूस्तोवर म्हनत्यात."

यात खोटं काही नाही. आमच्याकडे मानेचा आजार हा मानाचा आजार आहे. लोक विचारपूस करतात, तेल पाठवतात, कुठल्या गावचा माणूस चोळून देतो ते सांगतात. मनाच्या आजाराला कुणी तेल पाठवत नाही. शेजारचे आप्पासो तर रोज संध्याकाळी ओट्यावर येऊन, सरहद्दीवरच्या बर्फानं मान कशी धरते, हे लालासाहेबांनाच समजावून सांगत. आप्पासोंनी बर्फ पाहिला होता तो जत्रेतल्या गोळेवाल्याकडे.

गोळ्यांनी आपलं काम केलं. झोप लागू लागली, भाकरीला चव आली. आणि मग मान खरोखरच दुखू लागली.

"काका, पट्टा अजून कशाला?" फिजिओथेरपिस्ट भार्गवी मान दाबून बघत म्हणाली. "स्नायू पार आखडलेत. त्यांना कामच नाही ना उरलं. आता काढा, नाहीतर डोकं पेलायचंच विसरतील."

घरी आल्यावर क्रांतीबाई म्हणाल्या, "दिवाळीपतूर ऱ्हाऊ दे."

"मग?"

"मग बगू."

संध्याकाळी लालासाहेब पट्टा न बांधता ओट्यावर जाऊन बसले. गळ्याला वारा लागला तर कसंसंच वाटलं.

"पट्टा कुटं हाय?" आप्पासोंनी बसायच्या आधीच विचारलं.

"काडला. ते मानंचं न्हवतंच, आप्पा. मनाचं हाय."

"व्हय, मानंचं लय वंगाळ."

"मानंचं न्हवं. मनाचं."

"त्येच म्हनतोय की गड्या. सोसायटीच्या चेअरमनला बी मानंचंच झालंतं. दोन वर्सं खाली बगता येत न्हवतं त्याला. न्हाईतर तरी कुटं बगत हुता."

लालासाहेबांनी तिसऱ्यांदा तोंड उघडलं आणि मिटलं. आयुष्यात एकदा खरं बोलायचं ठरवावं आणि ते एका कान्यावर अडावं, याचा त्यांना फार शीण आला. त्यापेक्षा पट्टा हलका. "पट्टा आन गं," ते आत बघून म्हणाले.

क्रांतीबाई बाहेर आल्या त्या दोन कप चहा घेऊन. पट्टा नव्हता.

"आप्पा भावजी, मानंचं न्हाई त्ये," त्या कप ठेवत म्हणाल्या. "डोक्याचं हाय. सांगलीला डोक्याच्या डॉक्टरकडं जातोय आमी. गोळ्या चालू हायत. पट्टा मीच बांदाय लावला हुता."

या वेळी आप्पासोंना नीट ऐकू आलं. त्यांनी चहा बशीत ओतला, पुन्हा कपात ओतला. मग गुरांची आठवण झाली म्हणून उठले.

"आता सांगत सुटतील," लालासाहेब म्हणाले.

"सुटू द्या." आप्पासोंच्या जागेवर बसून क्रांतीबाईंनी त्यांचा उरलेला चहा ओट्याखाली ओतला. "मान वळवा बगू. हिकडं बगा."

लालासाहेबांनी मान वळवली. ती अर्ध्यावर येऊन थांबली. मग क्रांतीबाईच थोड्या पुढे सरकून बसल्या.