दोन्ही चांगले

गोटूलात, गावाच्या सभेच्या जागेत, सतरंजी अंथरली होती आणि तिच्यावर दोन लॅपटॉप शेजारी शेजारी ठेवले होते. एकाच कंपनीचे, एकाच राखाडी रंगाचे, फक्त एक थोडा लहान, एक मोठा. सभेला बसलेल्या बायका मान लांब करकरून बघत होत्या.

"जुळे होय का हे?" मुखरू भूमियांनी विचारलं. गावाच्या पूजेअर्चेचे मानकरी तेच, आणि सभेत पहिलं बोलायचा मानही त्यांचाच.

"जुळेच समजा," देवाजीभाऊ म्हणाले. ते ग्रामसभेचे अध्यक्ष. "यातलं एक ठेवाचं, एक वापस कराचं."

"मंग वापस जाईन त्याची माय रडन ना," रुखमाबाई म्हणाली. सगळ्या हसल्या.

करिश्मा हसली नाही. मांडीवर झोपलेल्या लेकीच्या, प्रियाच्या कपाळाला तिने हात लावून पाहिला. कपाळ गार होतं. थोड्या वेळाने तिने पुन्हा लावून पाहिला. ही तिची सवय मागच्या श्रावणापासूनची.

धानोऱ्याहून आत, नाल्यापलीकडे हे गाव. नवऱ्याची, सुनिलची, इथल्या शाळेवर बदली झाली तेव्हा करिश्मा चांद्याहून इथे आली. बी.कॉम. झालेली म्हणून ग्रामसभेने तिला ऑफिसच्या कामाला घेतलं. तेंदू, बांबू, मोह, सगळ्याचा हिशोब आणि सगळा पत्रव्यवहार तिच्याकडे. गाव तिला आवडायचं. नाला मात्र नाही. श्रावणात प्रियाला ताप चढला, झटके यायला लागले, आणि नाला दोन्ही काठ भरून वाहत होता. दवाखान्याची गाडी पलीकडे येऊन उभी राहिली होती, तिचा लाल दिवा इकडून दिसत होता. करिश्मा पोरीला छातीशी धरून चिखलात बसली आणि पाणी उतरायची वाट बघत राहिली. उतरलं एकदाचं. पोर वाचली. पण "पुढच्या खेपेला?" हा प्रश्न तेव्हापासून तिची पाठ सोडत नव्हता.

पूल गावाला आधीपासून हवाच होता, आता तिलाही हवा होता. फार मोठा नाही, माणूस चालत जाईल आणि खाट नेता येईल एवढा लोखंडी. जिल्ह्याच्या ठिकाणी माघात बैठक असते. तिथे प्रत्येक गाव आपली मागणी फोटो, नकाशा दाखवून पडद्यावर मांडतं. ज्याची पसंत पडली त्याचं काम उन्हाळ्यात होतं. मागल्या वर्षी हे लोक पेनड्राइव्ह घेऊन गेले होते. तिथल्या मशीनवर तो उघडलाच नाही, आणि पाळी गेली. शाळेचा संगणक वाळवीने खाल्लेला. तेव्हा सभेनेच ठरवलं की आपला लॅपटॉप घ्यायचा, ऑफिसच्या कामालाही होईल.

देवाजीभाऊ आणि करिश्मा चांद्याला गेले. भैयाजींच्या दुकानात हे दोन पसंत पडले, किंमत सारखीच. करिश्माने विचारलं, "कोन्ता घ्याचा भाऊ?" देवाजीभाऊ म्हणाले, "माह्या एकट्याच्या मनानं कसा घेऊ? सभा ठरवन." भैयाजी याच भागातले, गावाने बांबू विकला त्या वेळेपासूनची ओळख. त्यांनी दोन्ही नेऊ दिले. अट एकच घातली. ठरेपर्यंत स्क्रीनवरची पन्नी काढायची नाही, मशीनमध्ये काही भरायचं नाही. जो नको असेल तो जसाच्या तसा परत यायला हवा.

बैठक शुक्रवारी होती. आज रविवार.

"बाई, तुमी शिकलेल्या," मुखरू भूमिया म्हणाले. "तुमीच सांगा ना कोन्ता."

सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. करिश्माने या दोघांबद्दल फोनवर सापडेल ते सगळं वाचलं होतं. नाल्याजवळच्या टेकाडावर जिथे रेंज येते तिथे उभं राहून लोकांचे व्हिडिओ बघितले होते. मनातून तिला लहान हवा होता. पण कुठल्याही वस्तूचा दोष तिला आधी दिसायचा. मेथीची जुडी घेतानाही ती दोनदा माघारी फिरायची. लहान सांगितला आणि ऐन बैठकीत तो पडद्याला लागलाच नाही तर? मोठा सांगितला आणि ऐन वेळी लाइन गेली तर? गाव म्हणेल, बाईनं सांगितला होता. आणि पूल जाईल.

"दोन्ही चांगले हायेत," ती म्हणाली.

मग तिने दोघांचेही गुण सांगितले. लहान आहे तो हलका, त्याची बॅटरी दिवसभर टिकते, लाइन गेली तरी काम थांबत नाही. पण पडद्याच्या मशीनला लावायला वेगळा जोड घ्यावा लागतो. मोठा आहे त्याला वायर सरळ लागते, अक्षरं मोठी दिसतात. पण बॅटरी लवकर उतरते. कुणावर अन्याय नको म्हणून तिने दोघांना सारखाच वेळ दिला.

तिथेच चुकलं. तिने सभेच्या हातात दोन्ही बाजूंची कारणं नेमकी तोलून दिली.

"वरच्या टोल्यात लाइन असते तरी कई?" बिरजू म्हणाला. तो वरच्या टोल्याचा, वरच्या वस्तीतला. "लहानच बरा."

"अन् आमच्या बुढ्यायले दिसन का त्या लहानात?" खालच्या टोल्याचा कोलू म्हणाला. "मोठा पाह्यजे."

"तुह्या बुढ्याले बैलबी दिसत नाई, लॅपटॉप काय दिसन."

"काऊन, तुह्या म्हातारीले दिसते का?"

हसणं झालं, चहा झाला, संध्याकाळ झाली. हात वर करून मोजायची रीत या गावात नव्हती. वीस घरं एकीकडे आणि पंधरा एकीकडे झाली तर वीस जिंकली असं इथे कुणी म्हणत नसे, पंधरा दुखावली असं म्हणत. एक घर जरी नाखूश असलं तरी सभा उठायची आणि पुन्हा बसायची. मुखरू भूमिया उठता उठता म्हणाले, "घाई कायले? मंगळवारी बसू."

घरी आल्यावर सुनिल म्हणाला, "तू एक नाव सांगून टाकलं असतं तं सगळे हो म्हनले असते."

"अन् तो बिघडला असता तं?"

"नवा कोरा मशीन हाय, करिश्मा."

"नव्या कोऱ्या गोष्टी बिघडत नाईत का?"

सुनिलने झोपलेल्या प्रियाच्या अंगावर पांघरूण ओढलं. ती कशाबद्दल बोलत होती हे दोघांनाही कळलं होतं.

मंगळवारी रुखमाबाईच्या माहेरी कुणी वारलं आणि अर्धा वरचा टोला मातीला गेला. इतकी घरं रिकामी असताना सभा बसत नाही. करिश्मा गोटूलासमोरून दोनदा गेली. आत पेटीवर दोघं तसेच, पन्नीसकट. फोटो तिच्या फोनमध्ये होते, नकाशा डोक्यात होता, वाक्यं पाठ होती. फक्त ती कुठे लिहायची ते ठरत नव्हतं.

बुधवारी सभा बसली. करिश्माला वाटलं, आज होणार. कोलूने उठून सांगितलं, "मी बिरजूदादाचं मन मोडत नाई. लहानच घ्या."

करिश्माने सुटकेचा श्वास घेतला. तेवढ्यात बिरजू उठला.

"नाई नाई. मी दोन रोज विचार केला. कोलूचंच बराबर हाय, बुढ्यायले दिसाले पाह्यजे. मोठा घ्या."

"अरे मी लहान म्हनून राह्यलो ना तुह्याच्यासाठी."

"अन् मी तुह्याचसाठी मोठा म्हनून राह्यलो."

दोघंही खऱ्या मनाने बोलत होते, आणि आपल्यासाठी दुसऱ्याने मन मारलं हे दोघांनाही चालणार नव्हतं. दोन्ही टोल्यांनी आपापली बाजू बदलली आणि गाडा होता तिथेच राहिला. मुखरू भूमियांना मात्र हे फार आवडलं. गावात असं मन आहे म्हणजे गाव टिकेल, असं ते म्हणाले. रविवारी शांतपणे बसू म्हणाले.

"बैठक शुक्रवारी हाय, दादा," करिश्मा म्हणाली.

"मंग तोंडानं सांगू बाई. तोंड तं हाय ना आपल्याले."

मागच्या वर्षी तोंडाने सांगायचा प्रयत्न झाला होता. पडद्यावर काही नाही म्हटल्यावर साहेबांनी पुढचं गाव बोलावलं होतं. मुखरू भूमिया तेव्हा तिथे नव्हते.

गुरुवारी दुपारी सुनिल शाळेत होता, प्रिया शेजारच्या सीताकडे खेळत होती. सीता हे पहिलंच बाळ पोटात घेऊन सारवायला बसली होती, सातवा महिना. करिश्मा गोटूलात गेली. पेटीवरचा लहान लॅपटॉप तिने उचलला, घरी आणला, दाराला कडी लावली आणि पन्नीचं टोक नखाने धरून ओढलं. पन्नी चर्रकन निघाली. एवढासा आवाज, पण तिला वाटलं गावभर ऐकू गेला. दिवस मावळेपर्यंत तिने भरलेल्या नाल्याचे फोटो, घरांचा नकाशा, काठावर थांबलेल्या गाडीचा फोटो, सगळं एकामागे एक लावलं. सगळ्यात शेवटी प्रियाचा फोटो लावला. मग काढला. मग पुन्हा लावला.

सकाळी नाल्याच्या पलीकडे बसची वाट बघताना तिने देवाजीभाऊंना सांगितलं.

देवाजीभाऊंनी रस्त्यावरची नजर तिच्याकडे वळवली. "सभेचं झालं नोहोतं बाई."

"मले माहीत हाय."

"पन्नी काढली?"

"काढली."

"बरं. बोलावलं हाय तं जाऊ." मग बस दिसायला लागली तेव्हा ते म्हणाले, "पन मले विचारलं तं मी खरं सांगीन. तेवढं खोटं माह्यानं होनार नाई."

कोण विचारतं, असं तिला वाटलं.

सभागृहात त्यांचा नंबर जेवणाआधी आला. जोड तिने गडचिरोलीत उतरल्या उतरल्या घेतला होता, तो बसला, पडद्यावर नाला उभा राहिला. करिश्मा बोलली. तिला स्वतःलाही वाटलं नव्हतं इतकी नीट बोलली. मागच्या रांगेतल्या बायका पुढे वाकून बघायला लागल्या. साहेबांनी मान हलवली, बाजूच्या माणसाच्या कानात काही बोलले, आणि प्रत्येक गावाला विचारत होते तेच कागदावर बघत विचारलं, "अध्यक्ष आलेत ना? हे सादरीकरण ग्रामसभेने मंजूर केलंय ना?"

सकाळपासून सगळे अध्यक्ष या प्रश्नाला बसल्या जागेवरून "हो" म्हणत होते. देवाजीभाऊ उभे राहिले. टोपी काढून हातात घेतली.

"पूल पाह्यजे हे सभेचं हाय साहेब. साऱ्या गावाचं हाय. पन हे बाईनं जे दाखवलं ते सभेनं पाह्यलं नाई अजून. अन् हे मशीनबी सभेचं झालं नाई."

कुणीतरी हसलं. मग बरेच जण हसले.

साहेब हसले नाहीत. त्यांनी समजावून सांगितलं, रागावून नाही. मंजुरी नसेल तर हे पुढे पाठवता येत नाही, नियम आहे. सभेत ठेवा, मंजूर करून घ्या, पुढच्या माघात या, नक्की विचार करू. नंतर पुढचं गाव.

बसमध्ये देवाजीभाऊ खिडकीशी बसले, ती कडेला. तिला त्यांच्या अंगावर ओरडायचं होतं. एक हो म्हटलं असतं तर काय आभाळ कोसळलं असतं? पण या माणसाने भरल्या नाल्याच्या काठी स्वतःचं धोतर फाडून ओल्या पट्ट्या प्रियाच्या कपाळावर ठेवल्या होत्या. त्याला पूल नको होता असं कसं म्हणायचं?

"तुमी रविवारीच एक नाव घेतलं असतं, तं आमी तेच घेतलं असतं बाई," बस धानोऱ्यात शिरताना ते हळू म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. ती घरी पोचेपर्यंत त्यात टोमणा शोधत राहिली.

रविवारी सभा बसली. आता तरी कुणी आपल्याला बोल लावेल, असं करिश्माला वाटलं. ती त्यासाठीच गेली होती. पण बिरजू म्हणाला, बाईचा जीव घाबरला असन, लेकराची माय हाय. कोलू म्हणाला, पन्नी निघाली तोच आपला, दुसरा वापस करून टाका. सगळी घरं एका दमात हो म्हणाली. ठरायला चहा उकळायचाही वेळ लागला नाही. मग मुखरू भूमियांनी तिला तो लहान लॅपटॉप दोन्ही हातांनी, प्रसाद द्यावा तसा दिला, आणि बायकांनी पडद्यावर काय दाखवलं ते बघायला मागितलं. करिश्माने दाखवलं. सभेने ते तिथेच मंजूर केलं. सीता पोटावर हात ठेवून सगळ्यात शेवटपर्यंत बघत बसली होती.

लॅपटॉप चांगला निघाला. बॅटरी खरंच दिवसभर टिकायची.

चैत्रात सीताला मुलगा झाला. मृग लागायच्या आधी सुनिलने शाळेच्या कामातून एक दिवस काढला, आणि करिश्मा प्रियाला घेऊन पावसाळाभर चांद्याला, माहेरी निघाली. ऑफिसचं काम फोनवर करीन, असं तिने देवाजीभाऊंना सांगितलं होतं. "हो, हो," ते म्हणाले, "लेकराले जपा." कुणी अडवलं नाही. चार-सहा बायका नाल्यापर्यंत पोचवायला आल्या. नाल्यात तेव्हा घोट्याएवढंही पाणी नव्हतं, नुसते दगड.

सुनिलने बॅग खांद्यावर घेतली. करिश्माने प्रियाला कडेवर घेतलं, कपाळाला हात लावला, गार होतं. सीता बाळाला फडक्यात बांधून काठावरच उभी होती.

"तुमचं माहेर चांद्याले हाय, बरं हाय," ती म्हणाली.

करिश्माने पुढे होऊन सीताच्या बाळाच्या कपाळाला हात लावला. सीता हसली. "काई नाई झालं त्याले," ती म्हणाली, "चांगला हाय."

"हो," करिश्मा म्हणाली, आणि दगडांवर पाय देत पलीकडे गेली.