बिननावाचा फॉर्म

फुकटची काळजी कोणी दाखवायला लागलं की माझे कान टवकारतात. त्यामुळे अधीक्षकांच्या ऑफिसातून कॅज्युअल्टीच्या डॉक्टरांसाठी 'तुम्ही थकला आहात का?' असा वीस प्रश्नांचा फॉर्म आला, तेव्हाच मी म्हटलं, कुठेतरी पाणी मुरतंय. वर ठळक अक्षरांत 'नाव लिहू नये'. नाव नको, पण वय लिहा, अनुभवाची वर्षं लिहा, बाई की पुरुष तेही लिहा. आम्ही सगळे मिळून अकरा डॉक्टर. कोण कोणता ते शेंबडं पोरही सांगेल!

मागे आमच्यातल्या एकाने अधीक्षकसाहेबांसमोर 'झेपत नाही' एवढं म्हटलं होतं. महिन्याभरात त्याची रेकॉर्ड रूममध्ये उचलबांगडी झाली. म्हणून मी विभागप्रमुख या नात्याने चहाच्या खोलीत सगळ्यांना गोळा केलं.

"नीट ऐका. प्रत्येक प्रश्नापुढे 'कधीच नाही' वर खूण करायची. झोप लागत नाही? कधीच नाही. रडू येतं? कधीच नाही. गोड बोलून केसाने गळा कापणारी माणसं आहेत ही."

सगळे हसले. मुंगी तेवढी हसली नाही. मुंगी म्हणजे आमची सगळ्यात लहान चणीची शिकाऊ डॉक्टर. दिवसभर तुरुतुरु पळते, तक्रार म्हणून करत नाही, म्हणून सिस्टरांनी ठेवलेलं नाव.

"पण मॅडम, खरंच थकलो असू तर?" तिने विचारलं.

माझ्या मनात पाल चुकचुकली. गेले दोन आठवडे ही सकाळी ड्यूटीच्या अर्धा तास आधी येऊन पार्किंगमध्ये गाडीत बसून राहायची, फोन कानाला. एकदा मी जवळून गेले तर पटकन मान खाली घातली. अधीक्षकांच्या ऑफिसातून बाहेर पडतानाही मी तिला पाहिलं होतं. आमच्या गोष्टी वर पोचवणारी हीच, मी मनाशी पक्कं करून टाकलं. तेव्हापासून ती खोलीत आली की मी विषय बदलायची.

फॉर्म मीच गोळा केले आणि, सांगायला लाज वाटते, एकूण एक वाचले. माझ्यासकट दहा एकसारखे. अकराव्यात सगळ्या खुणा 'नेहमी' वर, आणि खालच्या मोकळ्या जागेत बारीक अक्षर: 'काल पेशंट गेला तेव्हा मला एवढंच वाटलं की एक ट्रॉली रिकामी झाली. मला माझीच भीती वाटते.'

मला तो सापळा वाटला. विभागाला गोत्यात आणायला कोणीतरी तिच्याकडून लिहून घेतलंय, असंच.

मी मुंगीला बाजूला घेतलं. "हा तुझा?"

"हो."

"कोणी लिहायला सांगितलं?"

"सांगितलं म्हणजे?"

मी कोरा फॉर्म पुढे सरकवला. तिने उभ्याउभ्याच वीस वेळा 'कधीच नाही' वर खूण केली. जुना मी फाडला आणि ड्रेसिंगच्या बादलीत टाकला.

तीन आठवड्यांनी अधीक्षकांनी बोलावलं. "दोन जादा डॉक्टर कुठे द्यायचे ते या फॉर्मवरून ठरवायचं होतं. वाटलं होतं, तुमचाच नंबर लागणार. पण तुमच्याकडे तर सगळे ठणठणीत! दोन्ही जागा बालरोग विभागाला दिल्या." मग चष्मा पुसत म्हणाले, "ती तुमची छोटी डॉक्टर मागे येऊन सांगून गेली होती. म्हणे, मॅडम एकट्या तिघांचं काम ओढतात, त्यांना माणूस द्या. मग फॉर्मवर असं कसं?"

ओरडणाऱ्याकडे नंतर बघा, गप्प पडलेल्याकडे आधी, हा कॅज्युअल्टीचा पहिला धडा दरवर्षी नव्या पोरांना मीच शिकवते.

खाली आले तर मुंगी अर्ज घेऊन उभी. 'घरगुती कारणास्तव प्रशिक्षण सोडत आहे.'

"घरी काय झालं?"

"काही नाही."

"रोज सकाळी गाडीत कोणाशी बोलायचीस?" आता कुठे मी तिला हे विचारत होते.

"आईशी. ती बोलत राहायची, मग मला उतरता यायचं. आता तेही जमत नाही."

"अगं, मग खरं कारण लिही ना इथे. मी वर घेऊन जाते, भांडते त्यांच्याशी."

"खरं एकदा लिहिलं होतं, मॅडम. तुम्ही वाचलंत ते." तिने अर्जाच्या तळाशी बोट ठेवलं. "सही इथे करायची."